खेड्यातील परिचारिका : जबाबदारी आणि अधिकार

परिचारिकांच्या प्रश्नावर बोलायला एखादे डॉक्टर किंवा एखाद्या मेट्रनबाई उभ्या राहिल्या असत्या, तर ते अधिक शोभले असते. मी या दोहोंपैकी कोणीच नाही. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले. रोग, औषध, शुश्रूषा यांतले शास्त्र मला कळत नाही, आणि कळते असा आव मी आणणार नाही. परंतु काम कोण करतो, हुकूम कोण देतो आणि बिघडले म्हणजे ठपका कोणावर येतो, या तीन गोष्टी पाहण्यात माझी उमर गेली. खेड्यापाड्यातील आरोग्यसेवेत या तीन गोष्टींचा मेळ कसा बसतो, किंवा कसा बसत नाही, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका आमच्या कचेरीत आल्या. हातात 'कारणे दाखवा' नोटीस होती. म्हणाल्या, "भाऊ, याला उत्तर कसं द्यायचं ते सांगा. माझी अठरा वर्षांची नोकरी आहे, असा कागद कधी आला नव्हता." मी म्हटले, "सिस्टर, कागद राहू द्या. आधी काय घडलं ते सांगा."

घडले ते असे. रात्रपाळीला त्या एकट्या होत्या. मध्यरात्री एक बाई बाळंत झाली. मूल सुखरूप होते, वारही पडली, पण रक्तस्राव थांबेना. अशा वेळी गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. प्रसूतिकक्षातील साठा संपला होता. पुढचा साठा औषधभांडारातल्या फ्रिजमध्ये होता. भांडाराला कुलूप, आणि किल्ली औषध निर्माण अधिकाऱ्यांच्या खिशात. ते सुट्टीवर आपल्या गावी गेलेले. डॉक्टरांकडे त्या दिवशी शेजारच्या केंद्राचाही कार्यभार होता, ते तिकडे होते. फोनवर ते म्हणाले, "काय वाटेल ते करा, पण इंजेक्शन द्या." बाईंनी कक्षसेवकाला सांगून लोखंडी कांबीने कुलूप तोडले, इंजेक्शन दिले, सलाईन लावले, पोटावरून गर्भाशय चोळत बसल्या. पहाटे डॉक्टर आले तेव्हा रक्त थांबले होते. ती बाई वाचली.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. तीत तीन आरोप होते. विनापरवाना भांडारात प्रवेश केला. सरकारी मालमत्तेचे नुकसान केले. वरिष्ठांचा लेखी आदेश घेतला नाही. कुलपाची किंमत पगारातून का वसूल करू नये, असाही प्रश्न होता. त्या गावाचे आणि रुग्णालयाचे नाव मी सांगत नाही. ज्यांनी नोटीस काढली त्यांनीही आपल्या परीने नियमच पाळला होता.

त्या नोटिशीचे उत्तर लिहिताना मी एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिले : सिस्टर कशाकशाला जबाबदार आहेत. उजव्या बाजूला : सिस्टर स्वतःच्या अधिकारात काय ठरवू शकतात. डावी बाजू भरत गेली. रुग्णांची देखभाल, औषध वेळेवर देणे, प्रसूती, लसी, वॉर्डाची स्वच्छता, चादरी, खाटा, थर्मामीटरपासून ऑक्सिजनच्या नळकांड्यापर्यंतच्या सामानाची नोंद, कक्षसेवकाची हजेरी, नातेवाइकांचा राग. उजव्या बाजूला काय लिहावे हे आम्हा दोघांनाही सुचेना. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "ड्यूटीची अदलाबदल ठरवू शकते. तीसुद्धा दुसरी कोणी असेल तर."

माझ्या आजच्या विषयाचे सार त्या कागदावर आहे. खेड्यातल्या आरोग्यसेवेत परिचारिकेला नेतृत्व करावेच लागते. प्रश्न तिच्या अंगी नेतृत्वाचे गुण आहेत की नाहीत हा नाही. नेतृत्वाची जबाबदारी आपण तिला केव्हाच दिलेली आहे. अधिकार मात्र दिलेला नाही. बाकीच्या बऱ्याचशा अडचणी या एका विसंगतीतून निघतात.

नेतृत्व म्हणजे काय?

नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, हारतुरे आणि भाषण येते. मला येथे ते नेतृत्व अभिप्रेत नाही. कापड गिरणीत साचाखात्यातला जॉबर धागा कुठे तुटतो हे पाही, नव्या पोराला शिकवी, कोणता साचा बंद ठेवायचा हे ठरवी. चांगल्या जॉबरचे खाते चांगले चाले. ज्याच्या निर्णयावर इतरांचे काम चालते तो नेता, इतका साधा अर्थ मी घेतो.

या अर्थाने पाहिले तर ग्रामीण भागात परिचारिकांच्या नेतृत्वाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, असा मापदंड आहे. तेथे आरोग्यसेविका असते. गावकरी तिला नर्सबाई किंवा सिस्टर म्हणतात. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, या आशांना ती मार्गदर्शन करते. अशी सहा उपकेंद्रे मिळून, म्हणजे ३०,००० लोकांसाठी, एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सहा आरोग्यसेविकांच्या कामावर देखरेख करणारी ती आरोग्य सहाय्यिका. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका असतात, त्यांच्यावर परिसेविका, आणि मोठ्या रुग्णालयात अधिसेविका, म्हणजे जुन्या भाषेतील मेट्रन.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मेट्रनच्या हाताखाली दोनशे परिचारिका असतील, पण हाकेच्या अंतरावर डॉक्टरही असतात, भांडारही असते आणि कारकूनही असतो. उपकेंद्रातल्या सेविकेच्या हाताखाली कोणी नसेल, परंतु पाच हजार माणसांच्या बाबतीत पहिला निर्णय तिलाच घ्यायचा असतो. हा ताप साधा आहे की न्यूमोनिया? या बाईला घरी पाठवू की तालुक्याला नेऊ? नदीला पाणी आहे, गाडी येणार नाही, तर आता काय? हे प्रश्न विचारायला शेजारी कोणी नसते. म्हणून खेड्यात परिचारिकेचे नेतृत्व शहरातल्यापेक्षा कमी लागते हा समज चुकीचा आहे. ते अधिकच लागते.

हात मागितले, डोके मागितले नाही

ही विसंगती आली कोठून हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. वसंत ऋतूतल्या व्याख्यानांची प्रथा आपल्याकडे १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात सुरू केली. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी पुढे पुणे सेवासदनाच्या द्वारे मराठी मुलींना, त्यात विधवा स्त्रियांनाही, परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली आणि ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय लावली. परक्या माणसाचे अंग पुसणे, मलमूत्र काढणे हे घरंदाज बाईचे काम नव्हे, असे मानणाऱ्या समाजात हे फार मोठे धाडस होते. परंतु रमाबाईंची लढाई परिचारिकेच्या प्रतिष्ठेसाठी होती. तिच्या अधिकाराचा प्रश्न तेव्हा अजून क्षितिजावरही आला नव्हता.

१९४३ साली सरकारने भोर समिती नेमली. १९४६ साली तिचा अहवाल आला. तीस कोटी लोकांच्या देशात त्या वेळी सुमारे ७,००० परिचारिका होत्या; म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. समितीने दीर्घ मुदतीच्या योजनेत ७,४०,००० परिचारिकांची गरज सांगितली. हे अंतर इतके मोठे होते की पुढची कित्येक वर्षे सगळा विचार 'संख्या कशी वाढेल' या एकाच दिशेने झाला. पूर्ण शिक्षण घेतलेल्या परिचारिका खेड्यात पुरवता येईनात, म्हणून १९५० नंतर सहाय्यक परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. १९७३ च्या कर्तारसिंग समितीच्या अहवालानंतर ती बहुउद्देशीय सेविका झाली. बाळंतपणाच्या जोडीला कुटुंबनियोजन, लसीकरण, साथींचे आजार अशी कामे तिच्या अंगावर येत गेली. आणि १९७७ मध्ये तिचा अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणला गेला.

यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. देश गरीब होता, गरज तातडीची होती. पण ज्याप्रमाणे एखादा कारखानदार घाईने कामगार भरतो, तशी ही भरती झाली. हात मोजले गेले. त्या हातांबरोबर एक डोके येते, ते अनुभवाने शहाणे होते, आणि त्या शहाणपणाला काही निर्णय सोपवले पाहिजेत, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

पहिली अडचण : तोंडी हुकूम, लेखी नोटीस

हुकूम तोंडी येतो आणि नोटीस लेखी येते, हा आमच्या चळवळीतला रोजचा अनुभव आहे. 'काय वाटेल ते करा' हा तोंडी हुकूम होता. त्याची नोंद कोठेही नव्हती.

या बाबतीत जुने उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली, तेव्हा सामान मिळवण्यासाठी तिला तिथल्या कोठाराच्या कारभाराशी झगडावे लागले. तिने कोठाराचे कुलूप हातोड्याने फोडले अशी एक हकीकत सांगतात. ती तंतोतंत खरी असो वा नसो, झगडा खरा होता. आपण दिव्याची बाई लक्षात ठेवली आणि कोठाराशी भांडणारी बाई विसरलो. शिवाय हेही विसरलो की ती गेली ती मंत्र्याने दिलेले नेमणुकीचे पत्र आणि वापरायला स्वतंत्र पैसा बरोबर घेऊन. आमच्या सिस्टरांजवळ यांपैकी काहीही नव्हते.

खेड्यातले दुसरे उदाहरण अमेरिकेतले आहे. केंटकी राज्यात लेस्ली नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथे रस्ते नव्हते, डॉक्टर मिळत नव्हते. मेरी ब्रेकिनरिज या परिचारिकेची स्वतःची दोन्ही मुले लहानपणीच गेली होती. इंग्लंडमध्ये प्रसूतिशास्त्राचे शिक्षण घेऊन तिने १९२५ साली या डोंगरात परिचारिकांची सेवा उभी केली. पुढे ती 'फ्रंटियर नर्सिंग सर्व्हिस' या नावाने प्रसिद्ध झाली. परिचारिका घोड्यावर बसून ओढे ओलांडून घरोघर जात. पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशेब एका मोठ्या विमा कंपनीने तपासला, तेव्हा प्रसूतीच्या प्रत्यक्ष कारणाने एकही माता दगावली नसल्याचे आढळले. त्या काळच्या अमेरिकेत ही विलक्षण गोष्ट होती.

घोड्यांचे कौतुक सगळे करतात. मला महत्त्वाची वाटते ती एक पुस्तिका. शहरातल्या डॉक्टरांच्या मंडळाने कोणत्या प्रसंगी परिचारिकेने काय करावे, कोणते औषध स्वतः द्यावे आणि कोणत्या टप्प्यावर डॉक्टरला बोलवावे, हे लिहून, सह्या करून दिले होते. तो कागद परिचारिकेच्या खोगिरातल्या पिशवीत असे. डॉक्टर मैलोगणती दूर असला तरी त्याचा अधिकार तिच्या हाती होता. शिवाय गावोगावच्या प्रतिष्ठित माणसांच्या समित्या तिच्या पाठीशी होत्या.

आपल्याकडे अशी पावले पडलीच नाहीत असे नाही. २००५ साली केंद्र सरकारने आरोग्यसेविका व सहाय्यिका यांच्यासाठी प्रसूतीसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. रक्तस्राव थांबवण्याचे औषध, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, जंतुसंसर्गात प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याची मुभा त्यांना मिळाली. याच काळात रुग्णालयात होणारी बाळंतपणे वाढली. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत त्यांचे प्रमाण देशात शेकडा ३९ च्या आसपास होते, २०१९-२१ मध्ये ते शेकडा ८८ च्या पुढे गेले. २०१८-२० च्या नोंदीनुसार लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. याला कारणे अनेक आहेत. सगळे श्रेय एका परिपत्रकाला देणे भाबडेपणाचे होईल. परंतु रुग्णालयात आलेल्या बाईजवळ मध्यरात्री कोण उभे असते, हे आपण सारे जाणतो.

मुभा औषधाची मिळाली. भांडाराच्या किल्लीची मिळाली नाही. अधिकार असा अर्धा देऊन चालत नाही. इंजेक्शन देण्याचा अधिकार आणि इंजेक्शन हाती येण्याची व्यवस्था, दोन्ही मिळून एक अधिकार होतो.

दुसरी अडचण : पाळ्यांचे गणित

आता थोडा हिशेब करू. श्रोत्यांनी कंटाळू नये, कारण या हिशेबात उद्या आपलीच आई किंवा बहीण खाटेवर असणार आहे.

चोवीस तास एक परिचारिका हजर हवी असेल तर दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस पाळ्या होतात. एका परिचारिकेला आठवड्याची सुट्टी धरून सहा पाळ्या करता येतात. एकवीस भागिले सहा म्हणजे साडेतीन. यात रजा, आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण धरलेले नाही. त्यासाठी शेकडा ३० राखीव धरावेत असा भारतीय परिचर्या परिषदेचा मापदंड आहे. ते धरले की साडेचारच्या वर आकडा जातो. म्हणजे एक खुर्ची अखंड भरलेली राहण्यासाठी पाच परिचारिका लागतात.

२०१२ च्या राष्ट्रीय मानकांत प्राथमिक आरोग्य केंद्राला किमान तीन परिचारिका धरल्या होत्या. त्याच मानकांत तीस खाटांच्या रुग्णालयाला दहा. दहा जणींचे गणित वरच्याच रीतीने केले तर प्रत्येक पाळीला जेमतेम दोघी येतात, आणि त्यांनी प्रसूतिकक्ष, वॉर्ड, अपघाताची खोली, शस्त्रक्रियागृह सगळे सांभाळायचे. दहांपैकी तीन पदे रिकामी राहिली तर अर्ध्या पाळ्यांना एकटीच परिचारिका उरते. आमच्या सिस्टर त्या रात्री एकट्या का होत्या, याचे उत्तर कोणाच्या निष्काळजीपणात शोधण्याची गरज नाही. ते या भागाकारात आहे.

याचा नेतृत्वाशी संबंध काय, असे कोणी विचारील. सरळ संबंध आहे. परिसेविकेचे काम म्हणजे पाहणे, शिकवणे, चुका वेळीच पकडणे. तीच जर रिकाम्या पाळीत उभी राहिली, तर तिच्या वॉर्डाला परिसेविका उरतच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहाय्यिकेचेही तेच. सहा उपकेंद्रे, तीस हजार लोक, तीस आशा. बहुतेक ठिकाणी तिच्या दिमतीला वाहन नाही. ती एस. टी.च्या वेळापत्रकावर देखरेख करते. उरलेला वेळ नोंदवह्यांत जातो. आता तीच माहिती टॅबवरही भरायची असते. गरोदर बायका किती, वजन कमी असलेली मुले किती, हे सगळे आकडे खालून वर जातात. वरून खाली क्वचितच काही येते. जिने आकडा गोळा केला तिला त्याचा अर्थ कोणी सांगत नाही. ज्याला आपल्या कामाचे फळ दिसत नाही, त्याने पुढाकार घ्यावा तरी कोणत्या जोरावर?

तिसरी अडचण : राहायचे कुठे, पुढे जायचे कुठे?

जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. पुढे जगभर त्याचा अभ्यास झाला. तेथेही प्रथम शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रयोग झाला आणि तो साधला नाही. परगावची तरुण मुलगी, एकटी, अनोळखी गावात. तिला सुरक्षित वाटेना आणि गावाला ती आपली वाटेना. तेव्हा गावांनीच आपल्यातल्या बायका निवडल्या, पुष्कळशा निरक्षर, आणि त्या आरोग्याचे काम शिकल्या. परिचारिकांचे काम संपले नाही, ते बदलले. त्या या बायकांना शिकवणाऱ्या आणि पाठबळ देणाऱ्या झाल्या. यावरून मला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक, नेमणुकीचा हुकूम काढून कोणी गावाचा होत नाही. दोन, परिचारिकेचे खरे नेतृत्व तेथे दिसते जेथे ती दुसऱ्यांना घडवते.

पण त्यासाठी ती स्वतः टिकली पाहिजे. दार नीट लागते असे घर, रात्री दिवा, नळाला पाणी, तिच्या मुलांना शाळा, या गोष्टी मागितल्या की त्याला 'सवलती' म्हणतात. गिरणीत यंत्राला तेल घालणे याला कोणी सवलत म्हणत नसे.

आणि पुढची वाट? १९८७ साली केंद्र सरकारने सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली परिचर्या व्यवसायासाठी उच्चाधिकार समिती नेमली. नोकरीच्या काळात किमान तीन बढत्या मिळाव्यात, असे तिने सुचवले. आजही पंचवीस वर्षे एकाच पदावर काढलेली आरोग्यसेविका मला भेटते. जिल्ह्याच्या बैठकीत ती मागच्या बाकावर बसते आणि तिच्या गावाविषयी दुसरेच कोणी बोलतात.

थोडा उजेड

सगळेच चित्र काळे रंगवणे हा आमच्या पेशाचा दोष आहे, तो टाळतो. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी मिळाला. खाते सरपंच आणि आरोग्यसेविका यांच्या संयुक्त नावाने. रक्कम लहान, पण खेड्यातल्या सेविकेची सही पैशावर चालू लागली. माझ्या माहितीतल्या एकीने पहिल्या वर्षी त्यातून दाराला कडी आणि खिडकीला पडदा केला. प्रसूतीसाठी आलेल्या बाईला आडोसा हवा, हे तिला जितके कळत होते तितके जिल्ह्याला कधीच कळले नसते.

२०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळाले. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले. सहा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिकाही या पदावर बसू शकते. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या पदवीधरांना त्यात मोठे स्थान मिळाले, तरीही परिचारिकेने एखादी आरोग्यसंस्था चालवावी ही कल्पना सरकारदरबारी मान्य झाली, हे मोठेच. परंतु ही पदे कंत्राटी म्हणून निघाली. शिवाय वीस वर्षे गाव सांभाळणाऱ्या आरोग्यसेविकेच्या डोक्यावर एक नवी खुर्ची आली. त्या दोघींचे नाते नीट जुळवून देण्याची काळजी थोड्याच ठिकाणी घेतली गेली. ज्याचे कंत्राट अकरा महिन्यांनी नूतनीकरणाला जाते, तो वरिष्ठाला 'हे चूक आहे' असे कसे सांगणार? नेतृत्वाला पाठीचा कणा लागतो, आणि नोकरीत कणा म्हणजे कायमपणा. हे माझे जुने मत आहे आणि या प्रश्नाने ते पक्केच झाले. २०२३ मध्येच परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संसदेने केला. त्याने शिक्षणाचा दर्जा सुधारेल अशी आशा करू या. पण भांडाराची किल्ली कोणाकडे असावी, हे दिल्लीच्या कायद्याने ठरत नाही.

आमची चूक आणि आपले काम

आता आमच्या संघटनांविषयी एक कबुली दिलीच पाहिजे. आम्ही परिचारिकांसाठी वेतनश्रेणी मागितली, भत्ते मागितले, आणि ते योग्यच होते. अधिकार मागितला नाही. एकदा एका परिसेविकेने पाळीवर झोपलेल्या कक्षसेवकाचा अहवाल दिला. तो आमचा सभासद, चांगला घोषणा देणारा. आम्ही 'दादागिरी चालणार नाही' म्हणून तिच्याविरुद्ध निवेदन नेले. पुरुषाला बाईचा हुकूम ऐकावा लागतो हे त्याला टोचत होते, आणि आम्ही त्या टोचणीला कामगारांचा हक्क समजलो. तो अहवाल मागे घेतला गेला. त्या दिवशी आम्ही जिंकलो असे मी कित्येक वर्षे समजत होतो.

तात्पर्य, माझी मागणी तीन शब्दांत मावते : कागद, माणसे आणि पाठबळ. कोणत्या प्रसंगी परिचारिकेने स्वतः काय ठरवावे, याचा सहीनिशी कागद प्रत्येक प्रसूतिकक्षात लावलेला असावा, आणि त्याप्रमाणे वागणाऱ्या बाईला नोटीस येऊ नये. पाळ्यांचे गणित पदे मंजूर करताना करावे, मृत्यू झाल्यानंतर चौकशीत करू नये. आणि जिल्ह्याच्या ज्या टेबलावर खेड्याच्या आरोग्याचा निर्णय होतो, त्या टेबलाशी परिचारिकेची खुर्ची असावी.

शहरगावच्या मंडळींनी यात काय करावे? आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यावर नागरिकही असतात, बहुधा आपल्या ओळखीचे. त्यांना विचारा : रात्री पाळीला किती परिचारिका असतात? परिसेविका समितीच्या बैठकीला बोलावल्या जातात का? आणि रात्री औषधभांडाराची किल्ली कोठे असते? हे तीन प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

त्या नोटिशीचे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही उत्तर पाठवले. सोबत तो दोन रकान्यांचा कागदही जोडला. दोन महिने काही कळले नाही. मग प्रकरण दप्तरी दाखल केल्याचे एका ओळीचे पत्र आले. कुलपाची किंमत वसूल झाली नाही. मात्र थोड्या दिवसांनी प्रसूतिकक्षात एक लहानशी काचेची पेटी बसली आणि तिच्यात भांडाराची दुसरी किल्ली, मोहोरबंद. सिस्टरांनी मला फोन करून सांगितले. मी म्हटले, "चला, काहीतरी मिळालं." त्या म्हणाल्या, "भाऊ, पेटी चांगली आहे. पण ती फोडायची झाली तर परवानगी कोणाची घ्यायची, ते अजून कोणी लिहून दिलेलं नाही."